पात्र होती, तरी यादीत नव्हती : ऊसतोड कुटुंबातल्या एका तरुणीच्या प्रशिक्षणप्रवेशाचं प्रकरण

हे प्रकरण २०१८-१९ च्या गाळप हंगामातलं आहे. गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यात. माणसांची नावं बदलली आहेत. गाव, केंद्र आणि दवाखाना मुद्दाम सांगितलेले नाहीत. ज्या महिला संस्थेनं पाठपुरावा केला तिच्यातर्फे हे टिपण आहे. ‘उमेदवारच मिळत नाहीत’ ही प्रशिक्षण केंद्रांची तक्रार आणि ‘आमचं नाव कुठंच बसंना’ ही गावातल्या पोरींची तक्रार, दोन्ही आमच्याकडे एकाच आठवड्यात येतात. हे कसं घडतं, ते या एका प्रकरणात बरंच उघडं पडलं.

पार्श्वभूमी

सुनीता तेव्हा २७ वर्षांची. दहावी झाल्यावर लगेच लग्न झालं. नवऱ्यानं चार वर्षांपूर्वी माहेरी आणून सोडलं, तो न्यायला आलाच नाही. पोटगीचा दावा नाही, घटस्फोट नाही, पोलिसांत अर्ज नाही. कागदावर ती अजून सासरीच नांदत होती. मुलगी सहा वर्षांची, नुकतीच पहिलीत गेलेली.

माहेरी तीन एकर कोरडवाहू रान, त्यात कापूस आणि थोडी बाजरी. दसरा झाला की दाराला कुलूप लावून सगळं घर तोडीला जायचं, कधी पश्चिम महाराष्ट्रात, कधी कर्नाटकात. मुकादम, म्हणजे मजुरांची टोळी जमवणारा, उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) देतो ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे दोन माणसं, बहुतेक वेळा नवरा-बायको. या घरात आई-वडिलांचा एक कोयता होता आणि सुनीता नि तिचा धाकटा भाऊ यांचा दुसरा. २०१८ ला पावसानं दगा दिला. ऑक्टोबरअखेर राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, त्यात बीडमधलेही होते. पण घराला दुष्काळ कळायला सरकारी घोषणा लागत नाही. भावानं राखीपौर्णिमेलाच दोघांच्या नावावर ६०,००० रुपये उचल घेऊन टाकली होती.

सप्टेंबरात तालुक्याच्या गावी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजनेचा मेळावा भरला. ही केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाची योजना, २०१४ मध्ये सुरू झालेली, राज्यात ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानामार्फत चालणारी. इथे दिलेले योजनेचे नियम त्या वेळचे आहेत. प्रशिक्षण खाजगी संस्था देतात. उमेदवाराला ते मोफत, आणि राहण्या-जेवणाची सोय असलेली केंद्रंही असतात. सगळ्यात छोटा अभ्यासक्रम ५७६ तासांचा, म्हणजे साधारण तीन महिन्यांचा. शिकवलेल्यांपैकी निदान ७० टक्के मुलामुलींना नोकरी लावण्याची जबाबदारी संस्थेवर असते. सुनीताला हवा होता तो रुग्णसेवा सहायकाचा अभ्यासक्रम: चार महिने, औरंगाबादला (आताच्या छत्रपती संभाजीनगरला) राहून, अट दहावी पास.

अडचण

मेळाव्यात टेबलामागे बसलेल्या मुलाकडे एक छापील यादी होती: पिवळं रेशनकार्ड किंवा दारिद्र्यरेषेचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, पासबुक. सुनीताचं नाव होतं सासरच्या कार्डावर, आणि ते कार्ड केशरी. माहेरचंही केशरी, त्यावर तिचं नाव लग्नानंतर कमी केलेलं. गावच्या २००२ च्या दारिद्र्यरेषेच्या यादीत वडिलांचं घर नव्हतं. शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर नवऱ्याचं. मुलानं अर्ज परत केला. उर्मटपणे नाही, अगदी समजुतीनं: “ताई, तुमचं नाही बसत.”

त्याच रांगेत गावातली आणखी एक बाई होती, ३८ वर्षांची. तिला वयावरून परत पाठवलं. योजनेत वयोमर्यादा १५ ते ३५ आहे हे खरं, पण महिलांना, दिव्यांगांना, तृतीयपंथीयांना आणि अतिमागास आदिम जमातींतल्या उमेदवारांना ती ४५ पर्यंत आहे. ही अट प्रशिक्षण संस्थेच्या पत्रकात आलीच नव्हती. टेबलावरच्या मुलानं ती वाचलेली नव्हती, कारण त्याला कुणी दाखवलेली नव्हती.

गरीब कुटुंब ओळखायचे दाखलेही नियमात एकाहून अधिक आहेत. पिवळं किंवा अंत्योदय कार्ड हा एक. घरातल्या कुणीही आदल्या आर्थिक वर्षात रोजगार हमीवर निदान १५ दिवस काम केलेलं असणं हा दुसरा. घरातली कुणी बाई अभियानातल्या बचत गटाची सदस्य असणं हा तिसरा. २०११ च्या सामाजिक-आर्थिक-जात पाहणीत आपोआप समाविष्ट झालेली घरं, आणि गावानं एकत्र बसून गरीब म्हणून ठरवलेली घरं हेही आहेत. छापील यादीत यातला फक्त पहिला उरला होता, कारण तो तपासायला सोपा. कार्डाचा रंग बघायचा, झालं. महाराष्ट्रात तर रंगावरून काहीच धड कळत नाही. पिवळ्या कार्डाची वार्षिक उत्पन्नमर्यादा १५,००० रुपये, म्हणजे महिन्याला साडेबाराशे. अन्नसुरक्षा कायद्यात ग्रामीण भागासाठी ४४,००० ची मर्यादा धरून प्राधान्य कुटुंबं ठरली, आणि स्वस्त धान्य घेणाऱ्या लाखो घरांच्या हातात आजही प्राधान्य कुटुंबाचा शिक्का मारलेलं केशरी कार्डच आहे.

नियमातल्या महिलांच्या हिश्श्यात ती बसत होती, पण जातीनिहाय हिश्श्याचा तिला आधार नव्हता. योजनेत निम्म्या जागा अनुसूचित जाती-जमातींसाठी, १५ टक्के अल्पसंख्याकांसाठी, एक तृतीयांश महिलांसाठी. ऊसतोडीला जाणाऱ्यांत मोठा भाग राज्याच्या भटक्या जमातींच्या प्रवर्गांतला आहे. केंद्र सरकारच्या या योजनेत त्यांना वेगळा हिस्सा नाही. सुनीता त्यातलीच.

आणि हे सगळं जमलं असतं तरी तुकडी सुरू होणार होती दिवाळीनंतर. म्हणजे नेमकी गाव रिकामं झाल्यावर.

कोणते पर्याय समोर होते

पहिला पर्याय रेशनकार्डाचा. सासरच्या कार्डावरून नाव कमी करून आईच्या कार्डावर चढवायचं. सरळ मार्ग हाच, पण नाव कमी करायला कार्डधारकाचा, म्हणजे सासऱ्याचा अर्ज लागतो असं तहसीलमधून सांगण्यात आलं. सासरा सही देईना. सून कार्डावर आहे तोवर तिच्या नावचं धान्य त्यांना मिळत होतं, हेही एक कारण असावं.

दुसरा, रोजगार हमी. आईचं जॉबकार्ड होतं. पण सहा महिने तोडीवर, चार महिने पेरणी-खुरपणी. उरलेल्या उन्हाळ्यात गावात एकच काम निघालं आणि त्याच्या हजेरीपटावर आईचे नऊ दिवस भरले. सहा दिवस कमी. ज्या राज्यात रोजगार हमीचा कायदा १९७७ सालीच झाला, त्या राज्यातल्या मजूर बाईला पंधरा दिवस दाखवता येत नाहीत, याचं नवल बाहेरच्यांना वाटतं. स्थलांतर करणाऱ्या घराचं हे नेहमीचंच.

तिसरा, बचत गट. आई २०१५ पासून गटात होती, गट अभियानाशी आणि गावच्या ग्रामसंघाशी, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघाशी, जोडलेला. प्रश्न एवढाच की लग्न झालेली, नाव सासरच्या कार्डावर असलेली मुलगी आईच्या ‘कुटुंबात’ धरायची का? नियमात कुटुंब म्हटलंय. सोडून दिलेली बाई कोणत्या कुटुंबातली, हे कुठे लिहिलेलं आमच्या पाहण्यात आलं नाही.

चौथा, बँकेच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत शिवणकाम शिकायचं. मुदत थोडक्यात, कागदांचा जाच कमी. आमच्या महिला संस्थेतल्या दोघींना हा पर्याय बरा वाटत होता. सुनीतानं तो एका वाक्यात संपवला: “गावात सात जणी शिवत्यात, आठवीला कापड कोण देतंय?” शिवाय स्वयंरोजगाराला मशीन लागणार, त्याला कर्ज लागणार, आणि डोक्यावर आधीच उचल होती.

पाचवा पर्याय कुणी मांडला नाही, पण तो होताच: यंदा तोडीला जायचं आणि पुढच्या वर्षी बघायचं. वडिलांचा कल तिकडेच होता.

काय केलं

तिसरा पर्याय धरला. ग्रामसंघाच्या मासिक बैठकीत विषय घेतला: सुनीता चार वर्षांपासून आईच्या घरी राहते, तिची मुलगी गावच्या शाळेत आहे, चूल एक आहे. बैठक वाटली त्यापेक्षा लांबली. एकीचं म्हणणं होतं की असा ठराव दिला तर उद्या प्रत्येक लेक माहेरच्या गटावर फायदा मागेल. त्यावर अध्यक्षबाईंनी विचारलं, “मागंल की. राहती तर इथंच ना?” ठराव झाला. सोबत शाळेचा मुलीच्या प्रवेशाचा उतारा आणि ग्रामसेवक भाऊसाहेबांचा रहिवासी दाखला जोडला. अभियानाच्या तालुका कक्षातल्या समन्वयकानं ठरावावर शेरा मारून तो केंद्राकडे पाठवला. केंद्रानं खळखळ केली नाही. त्यांना फाइलमध्ये कुठलातरी मान्य कागद हवा होता, तो मिळाला.

नावाचा घोळ याहून नाजूक होता. सोपा सल्ला सगळ्यांचा एकच: आधार पुन्हा माहेरच्या नावावर करून घे. ते केलं असतं तर बँकखातं, मुलीच्या जन्मदाखल्यातलं आईचं नाव आणि उद्या पोटगीचा दावा करायचा झाला तर पत्नी असल्याचा हाताशी असलेला एकमेव पुरावा, तिन्हींना धक्का लागला असता. लग्नाची नोंदणी झालेली नव्हती. म्हणून आधारला हात न लावता दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला महाराष्ट्रात २००४ पासून मुद्रांक शुल्क माफ आहे. तरी तहसीलसमोरचा लेखनिक बॉन्डपेपरशिवाय लिहायला तयार नव्हता. वाद घालण्यात दिवस गेला असता. शंभराचा बॉन्ड घेतला.

मग उचल. इथे प्रकरण कौशल्य योजनेच्या हद्दीबाहेर गेलं, आणि खरं म्हणजे सगळं तिथेच अडलं होतं. सुनीता गेली नाही तर भाऊ अर्धा कोयता उरणार, मुकादम ३०,००० परत मागणार. गटानं अंतर्गत कर्जातून १०,००० द्यायची तयारी दाखवली, त्याहून जास्त गटाच्या तिजोरीत नव्हते. मुकादमाशी बोलणी झाली. मुकादम गावातलाच, तोही कारखान्याच्या पैशाला बांधलेला. त्याचं म्हणणं सरळ होतं: पैसे नकोत, माणूस द्या. शेवटी जोडीला चुलतबहीण गेली. ती १७ वर्षांची होती, अकरावीत.

मुलीची सोय त्या मानानं लवकर झाली. तोडीला जाणाऱ्यांची मुलं गावातच राहावीत म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह चालतं. मुख्याध्यापकांनी आधी शंका काढली की आई तोडीला नाही, प्रशिक्षणाला जातेय. पण मुलीला सांभाळणारे आजी-आजोबा तर तोडीलाच चालले होते. शाळा व्यवस्थापन समितीनं तिचं नाव घेतलं. रात्री ती शेजारच्या आत्याकडे झोपायची.

केंद्रात पोचल्यावर आणखी एक खोडा निघाला. हजेरी आधारशी जोडलेल्या बोटाच्या ठशावर. अकरा वर्षं कोयता धरलेल्या आणि पाचटानं घासलेल्या हाताच्या रेषा यंत्र ओळखेना. पहिले काही दिवस ती वर्गात हजर आणि यंत्रात गैरहजर. केंद्राच्या प्रमुखांनी कागदी हजेरीवर सही चालू ठेवली आणि तिला आधार केंद्रावर पाठवून ठसे नव्यानं घेतले. दोन बोटं लागायला लागली. ऊसतोड, वीटभट्टी, भांडी-धुणी यांतून आलेल्या प्रत्येक तुकडीत हे होतं. डोळ्याच्या बुबुळावरून ओळख पटवणारं यंत्र ठेवलं तर सुटणारी गोष्ट आहे, पण त्या केंद्रात ते नव्हतं.

निष्पत्ती

सुनीतानं चार महिने पूर्ण केले, परीक्षा पास झाली. मार्चमध्ये तिला पुण्यातल्या एका खाजगी रुग्णालयात ८,५०० रुपयांवर नोकरी मिळाली. खोलीचं भाडं तिघींत वाटून. जिल्ह्याबाहेर पण राज्यातच नोकरी लागली तर योजनेतून महिना १,००० रुपये तीन महिने मिळतात, त्याचा हातभार होता. एप्रिलच्या शेवटी मुलगी आजारी पडली. आई-वडील तोडीवरून परतले होते, पण मुलगी त्यांच्याकडे राहीना. सुनीता नोकरी सोडून गावी आली.

केंद्राच्या दृष्टीनं गोष्ट इथे संपली. सलग तीन महिने नोकरी टिकली तरच ती ‘लागली’ असं धरतात, आणि संस्थेच्या पैशाचे शेवटचे हप्ते त्यावरच अवलंबून. हे कळलं की टेबलावरचा तो मुलगा कागदांत इतका काटेकोर का होता, हेही कळतं. लेकुरवाळी, एकटी, गावाशी बांधलेली बाई म्हणजे संस्थेला जोखीम. नियमात तिला नाकारायला जागा नाही, तेव्हा नकळत कागदाची चाळणी बारीक होते. यात कुणाचा खोटेपणा असायलाच हवा असं नाही. अविवाहित, विशीतली, पुण्याला जायला तयार असलेली पोरगी घेतली तर आकडा जमतो, हे त्या केंद्रात सगळ्यांनाच माहीत असतं.

जूनमध्ये सुनीता तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांच्या दवाखान्यात लागली. ६,५०० रुपये, एसटीनं रोज जाऊन-येऊन. पगार रोख, पावती नाही. केंद्रानं विचारणा केली होती, त्यांना पगारपत्रक किंवा बँकेची नोंद हवी होती. डॉक्टर आढेवेढे घेत तिसऱ्या महिन्यापासून खात्यावर पैसे टाकायला तयार झाले, तोपर्यंत त्या तुकडीचा हिशेब बंद झाला होता. योजनेच्या नोंदीत ती आजही नोकरी न टिकलेली उमेदवार आहे. दवाखान्यात ती त्यानंतर दोन वर्षं होती, कोविडच्या लाटेतसुद्धा, आणि पगार ९,००० पर्यंत गेला.

३८ वर्षांच्या त्या बाईंना केंद्राकडे नियमाचं पान पाठवल्यावर पुढच्या तुकडीत प्रवेश देऊ केला गेला. त्या गेल्या नाहीत. तोवर त्या कर्नाटकात होत्या.

चुलतबहीण एप्रिलमध्ये परतली. अकरावीची परीक्षा बुडाली होती. तिनं पुन्हा नाव घातलं नाही, दुसऱ्या वर्षी लग्न झालं आणि नवऱ्याबरोबर तिचा कोयता झाला. सुनीताच्या प्रशिक्षणाचा खर्च कुणी मांडायला बसला तर त्यात ही मुलगी कुठल्याच रकान्यात येणार नाही.

निर्णयाच्या जागांकडे पुन्हा पाहताना

ठरावाचा मार्ग धरणं बरोबर होतं असं आजही वाटतं. त्याचा फायदा एका बाईपुरता राहिला नाही. ग्रामसंघानं पुढे माहेरी राहणाऱ्या सात जणींची नावं एकाच ठरावात घेतली, आणि गावानं मिळून गरीब घरं ठरवण्याची प्रक्रिया अर्धवट पडली होती तीही पुरी केली. रेशनकार्डाच्या मागे लागलो असतो तर दिवाळी तिथेच झाली असती.

आधार न बदलण्याच्या निर्णयाबद्दल मतं दोन आहेत. प्रतिज्ञापत्र केंद्रात चाललं, पण पुण्याच्या रुग्णालयात भविष्यनिर्वाह निधीचं खातं उघडताना तोच घोळ पुन्हा उभा राहिला. दर दारात नवं प्रतिज्ञापत्र दाखवणं आणि एकदाच सगळी कागदं एका नावावर आणणं, यांत दुसरं पुढे सोयीचं पडतं. मात्र पोटगीचा विचार झाल्याशिवाय ते करू नये, आणि तो सल्ला वकिलानं द्यावा, सेतू केंद्रातल्या ऑपरेटरनं नव्हे.

उचलीच्या वाटाघाटीत पैशाची मोजदाद झाली, माणसाची झाली नाही. जोडीला कोण जाणार, हे बैठकीत विचारलं गेलं असतं तर उत्तर तिथेच समोर आलं असतं. १०,००० गटाचे आणि उरलेले ग्रामसंघाच्या जोखीम प्रवणता निधीतून, असा मार्ग काढता येत होता. तो निधी अशाच घरांसाठी असतो. मुकादमानं पैसे घेतले असते का, हा वेगळा प्रश्न. पण ‘माणूस द्या’ या मागणीला अल्पवयीन मुलगी हे उत्तर चालणार नाही, एवढं गावातल्या बायकांनी एकत्र म्हटलं असतं तर त्याला दुसरा माणूस शोधावा लागला असता.

नोकरी पुण्यातच हवी, हा आग्रह केंद्राचा होता आणि सुनीतानं तो मान्य केला, कारण नाही म्हटलं तर जागा जाईल असं तिला वाटलं. प्रवेशावेळीच ‘लहान मूल आहे, तालुक्यात किंवा जिल्ह्यात नोकरी हवी’ असं लिहून घेतलं असतं तर दवाखान्याची नोकरी मार्चमध्येच शोधता आली असती, आणि पगार पहिल्या महिन्यापासून खात्यावर घ्यायची अटही घालता आली असती. छोट्या दवाखान्यांत माणसांची गरज नेहमीच असते, पगारपत्रकाची सवय नसते.

सगळ्यात मोठी गोष्ट तारखांची. ज्या तालुक्यातून निम्मं गाव ऑक्टोबरात उठून जातं तिथे नोव्हेंबरात तुकडी सुरू करायची आणि उमेदवार मिळत नाहीत म्हणायचं, याला काय म्हणावं? उचल घेतली जाते पोळ्याच्या आगेमागे. त्याआधी, म्हणजे जून-जुलैत, प्रवेश पक्का झाला तर घर उचलच एका कोयत्याची कमी घेतं आणि पुढची सगळी ओढाताण टळते.

ग्रामसंघानं २०१९ पासून जूनच्या बैठकीत कागदांचा एक दिवस ठेवला आहे. दाखला, आधार, रेशनकार्ड आणि जॉबकार्डावरचे दिवस, चारही एका वहीत लिहिले जातात. चुलतबहिणीच्या प्रकरणानंतर पाचवा रकाना वाढला: ही गेली तर हिच्या जागी कोण? पहिल्या वर्षी वहीत अकरा नावं आली, त्यांतल्या चौघी प्रशिक्षणाला गेल्या. दोघींच्या पाचव्या रकान्यात शाळेतल्या बहिणीचं नाव होतं. त्यांच्या उचलीचा प्रश्न सुटेपर्यंत अर्ज थांबवला, आणि त्यातल्या एकीचा शेवटी सुटलाच नाही. सुनीताचं नाव अजून सासरच्या कार्डावरच आहे.